जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेने देवळांसाठी राखून ठेवला आहे. घराची डागडुजी होते, विहिरीचा गाळ निघतो, वाड्याला टेकू लागतात. जीर्णोद्धार होतो तो देवळाचाच. आणि या शब्दाच्या पोटात एक अलिखित करारही आहे. गावकऱ्यांनी वर्गणी काढून भिंती पाडाव्या, शिखर नवे चढवावे, घडीव दगडाच्या फरशीवर चकचकीत लाद्या बसवाव्या (आमच्यासारख्यांनी कितीही नाके मुरडली तरी त्या बसतातच), पण गाभाऱ्यातील मूर्तीस हात लावू नये. मूर्ती तीच राहिली की देऊळ तेच राहिले, अशी सर्वांची समजूत पटते आणि दुसऱ्या दिवसापासून काकडआरती पूर्वीप्रमाणे चालू होते. आम्हांस या व्यवस्थेत मोठे शहाणपण दिसत आले आहे. तिला अट एकच: मूर्ती कोणती आणि भिंत कोणती, याबद्दल गावात दुमत असता कामा नये.

गतवर्षी मे व जून हे दोन महिने आम्ही सहकुटुंब अमेरिकेतील ओहायओ राज्यात आमच्या पुतण्याकडे काढले, आणि तेथे नेमके असले दुमत पाहण्याचा योग आला. वाद देवळाचा नव्हता, मोटारीचा होता. आणि ती मोटारही कोणा संस्थानिकाची रोल्स रॉइस नव्हे, तर शेतावर गवताचे भारे व दुधाचे डबे वाहिलेली, १९५१ सालची, शेवर्ले कंपनीची ३१०० क्रमांकाची मालमोटार. अमेरिकेत या जातीस पिकअप म्हणतात, आणि आता आपल्याकडेही भाजीवाल्यापासून मंडपवाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडी तोच शब्द आहे. पुढे तिघांस बसता येईल असे एकच सलग बाक, मागे उघडा हौदा, आणि सगळे अंग असे गोलसर की जणू कोणी ओल्या मातीचा गोळा तळहाताने थोपटून गाडी घडविली असावी. या घाटाच्या गाड्या १९४७ साली निघाल्या आणि १९५५ च्या आरंभापर्यंत निघत राहिल्या. आजही अमेरिकेतील खेड्यापाड्यांत त्यांवर जीव टाकणारे लोक पुष्कळ आहेत.

आपला या घराण्याशी काही संबंध नाही असे मात्र कोणी समजू नये. या कंपनीची मालक जी जनरल मोटर्स, तिने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता व तो १९५४ पर्यंत चालला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला जी पहिली एस्. टी. सुटली ती बेडफर्ड जातीची. आणि बेडफर्ड म्हणजे त्याच जनरल मोटर्सची इंग्लंडातील लेक. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन मुळात शेवर्लेच्याच इंजिनावरून बेतलेले. तेव्हा पुतण्याच्या गॅरेजात ते इंजिन प्रथम सुरू झालेले ऐकले, त्या वेळी आम्हांस परकेपणा वाटला नाही. दूरच्या नात्यातील एखाद्या वृद्ध बाईने ओसरीवर बसून खाकरावे तसा तो आवाज होता.

आता तंटा कशावरून पडला ते सांगितले पाहिजे. आणि त्यासाठी वाचकांस थोडे त्रैराशिक सोसावे लागेल. गाडीचे चाक २८ इंच व्यासाचे धरले, तर ते एका मैलात ७२० वेळा फिरते. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटास एक मैल. म्हणजे त्या वेगाने चाकाचे फेरे मिनिटास ७२०. मागच्या आसाच्या पोटात ९ दात्यांचे एक लहान चक्र ३७ दात्यांच्या मोठ्या चक्रास फिरवीत असते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ४.११ फेरे होतात. (९ आणि ३७ यांस समान अवयव नाही. त्यामुळे लहान चक्राचा प्रत्येक दाता मोठ्या चक्राच्या प्रत्येक दात्यास क्रमाने भेटतो व झीज सर्वांत सारखी वाटली जाते. गणितातील एवढे निरुपद्रवी दिसणारे सत्य सत्तर वर्षे कोणाच्या तरी गाडीचे आयुष्य वाढवीत आले, हे पाहून आम्ही चकित झालो.) तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या गियरात इंजिन आणि शाफ्ट बरोबरीने फिरतात. सारांश, ताशी ६० मैलांस इंजिनाला मिनिटागणिक सुमारे २९५० फेरे घ्यावे लागतात. या इंजिनाची सगळी ताकद, ९२ अश्वशक्ती, ३४०० फेऱ्यांवर संपते. म्हणजे साठ मैलांचा वेग त्यास जवळ जवळ दम तोडून गाठावा लागतो.

तरुण इंजिनाने हेही सोसले असते. पण यास तेल मिळण्याची रीत जुन्या काळची आहे. दट्ट्यास जोडलेल्या प्रत्येक दांड्याच्या बुडाशी एक चिमुकली पळी असते. ती फिरता फिरता खालच्या पन्हाळीतील तेलात बुडते आणि स्वतःपुरते तेल उचलून घेते. संध्येच्या पळीपंचपात्रीची आठवण व्हावी अशी ही योजना. शांतपणे आचमन चालले आहे तोवर ठीक. मिनिटास तीन हजार आचमने तासन् तास करावयास लावणे हा जुलूम होय. १९५१ साली हा प्रश्न फारसा येत नसे, कारण तसे रस्तेच नव्हते. अमेरिकेतील सलग, चौकाविना धावणाऱ्या महामार्गांचा कायदा १९५६ सालचा. गाडी आधीची, रस्ता नंतरचा. आणि पुतण्याच्या घरापासून कोठेही जावयाचे तर त्या नंतरच्या रस्त्यावरून दहा-बारा मैल गेल्यावाचून गत्यंतर नाही.

पुतण्या गाडी चालवी ती पंचेचाळीस मैलांनी. मागचे जग पासष्ट-सत्तर मैलांनी येई. आम्ही तेथे पोहोचण्यापूर्वी, मार्च महिन्यात, तो आपल्या आठ वर्षांच्या मुलीस शेजारी बसवून परत येत असता एक अठरा चाकांची मालगाडी इतकी जवळ येऊन भिडली की तिच्या भोंग्याने मुलगी किंचाळली, आणि ती गाडी शेवटच्या क्षणी बाजूच्या पट्ट्यात वळून हातभर अंतरावरून निघून गेली. सूनबाईंनी त्या रात्री फार बोलणे केले नाही. 'त्या गाडीत आता एक तर गाडीचा जुना वेग राहील, नाही तर माझी मुलगी बसेल,' एवढेच त्या म्हणाल्या.

म्हणून पुतण्याने गाडीचा गियरबॉक्स बदलावयाचे ठरविले. आणि येथे शेजारचे वृद्ध गृहस्थ कथेत येतात.

गाडी मूळची त्यांची. त्यांच्या वडिलांनी ती नवी घेतली तेव्हा हे सात वर्षांचे होते. बाराव्या वर्षी ते शेतातल्या शेतात तीवरच चालविण्यास शिकले. आता वयाची ऐंशी उलटली, मुलांनी शेती विकली, गुडघा क्लच दाबीनासा झाला. गाडी विकण्याची वेळ आली तेव्हा एका संग्राहकाने पुतण्याहून बरीच अधिक रक्कम देऊ केली होती. तो ती जशीच्या तशी, तापमान राखलेल्या दालनात, इतर चाळीस गाड्यांच्या रांगेत ठेवणार होता. म्हातारबुवांनी त्याच्या तोंडावर दार लावले नाही, परंतु गाडी दिली आमच्या पुतण्यास. कारण 'तू तिचे काय करशील?' या प्रश्नास पुतण्याने 'चालवीन' असे एका शब्दात उत्तर दिले होते. त्याच पुतण्याने वर्षाच्या आत गाडीखाली शिरून तिची आतडी बाहेर काढावयास घेतली, तेव्हा त्यांस काय वाटले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. ते रागावले नाहीत. रोज संध्याकाळी घडीची खुर्ची घेऊन गॅरेजाच्या दाराशी येऊन बसत. हे रागावण्याहून अवघड होते. आम्हीही दुसरे काही काम नसल्यामुळे शेजारी बसू लागलो. अशा रीतीने, अवजार हाती न धरता, आम्ही त्या जीर्णोद्धाराचे साक्षी झालो.

गियरबॉक्स बदलणे म्हणजे एक पेटी काढून तेथे दुसरी ठेवणे, अशी आमची प्रथम समजूत होती. परंतु यंत्राच्या अवयवांतही गोतावळा असतो. आजच्या बहुतेक मालमोटारींत गियरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा शाफ्ट उघडा फिरताना दिसतो. या गाडीत तो एका जाड पोलादी नळीत बंद असतो, आणि ती नळी मागे आसाच्या पेटीस घट्ट जखडलेली व पुढे गियरबॉक्सच्या पाठीस एका गोल खोबणीत बसविलेली असते. हा केवळ शाफ्टचा अंगरखा नव्हे. इंजिन जेव्हा चाकास पुढे फिरविते तेव्हा आसाचे घर उलट्या बाजूस पिळवटू पाहते; ती पीळ अंगावर घेण्याचे काम या नळीचे. नवा गियरबॉक्स घेतला तर त्याच्या पाठीस ती खोबणी नाही. खोबणी नाही म्हणून नळी गेली. नळी गेली म्हणून तिला जखडलेला आस गेला. उघड्या शाफ्टचा नवा आस आणला म्हणजे ती पीळ पाट्यांनी सोसली पाहिजे, म्हणून त्या आसावर पाट्यांच्या बैठका नव्याने, कोन मोजून, जोडल्या पाहिजेत. पुढे ब्रेकची नळी, हातब्रेकची तार, वेग दाखविणाऱ्या काट्याची दोरी, सर्वांची लांबी चुकली. शिवाय जुन्या गाडीचा गियरचा दांडा सुकाणूच्या खांबावर, नव्याचा पायांशी. लग्नात एका मानकऱ्यास आसन बदलावयास सांगितले की सबंध पंगत उठते, तसाच हा प्रकार.

नवा म्हणून आणलेला गियरबॉक्सही काही नवा नव्हे. वॉर्नर गियर या कारखान्याने काढलेली टी-५ नावाची पाच गियरांची जात. १९८० नंतरच्या लहान पिकअपमधून उतरविलेली एक पेटी पुतण्यास भंगारवाड्यात मिळाली. तो कारखाना इंडियाना राज्यातील मन्सी गावचा. गावाचे नाव ऐकताच आम्ही खुर्चीत सरसावून बसलो, कारण १९२९ साली रॉबर्ट व हेलन लिंड या दांपत्याने 'मिडलटाउन' या नावाने ज्या गावाचे समाजवर्णन प्रसिद्ध केले ते हेच. अमेरिकन गृहस्थ कसा उठतो, कसा कमावितो, कसा मरतो, हे आम्ही पदवीच्या वर्गात असताना त्या पुस्तकातून वाचले होते. तेथील दंतचक्रे पाहण्यास मात्र वयाची पन्नाशी यावी लागली. मन्सीचा तो कारखाना २००९ साली बंद पडला. म्हणजे जुन्या गाडीत जो 'आधुनिक' भाग बसावयाचा होता त्याचेही माहेर आता ओस होते.

या पेटीचा पाचवा गियर ०.७२ चा. इंजिनाने ७२ फेरे घेतले की शाफ्टचे १०० व्हावे, असा हा उलटा व्यापार. नवा आस पुतण्याने त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीतील मालमोटारीचा निवडला: गुणोत्तर ३.९०, आणि चाकाचे नट सहाच, त्यामुळे जुनी चाके तशीच चढली. गुणाकार केला तर ताशी ६० मैलांस इंजिनाचे फेरे २९५० वरून सुमारे २००० वर आले. गुणोत्तर याहूनही खाली आणता आले असते, परंतु मग इंजिन चढावर कुथत चालले असते. पुतण्याने तो मोह टाळला. आम्हांस वाटते, दुरुस्ती करणाऱ्याची खरी परीक्षा अशा टाळण्यातच होते.

या कामात आम्हांस सर्वांत मौज वाटली ती शाफ्टच्या कोनांची. शाफ्टच्या टोकास जो सांधा असतो, ज्यास आपले मिस्त्री क्रॉस म्हणतात, त्याचा स्वभाव मोठा लबाड आहे. शाफ्ट जरा तिरका असला की तो इंजिनाची एकसारखी गती एकसारखी पुढे देत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा घाई करतो व दोन वेळा रेंगाळतो. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या टोकास तसाच दुसरा क्रॉस बसवावयाचा आणि दोन्ही कोन अगदी सारखे ठेवावयाचे. म्हणजे पहिल्याने केलेली घाई दुसरा रेंगाळून फेडतो आणि चाकास काही कळत नाही. म्हणून पुतण्या तीन रात्री पातळी दाखविणारे यंत्र घेऊन गाडीखाली आडवा पडून अर्ध्या अर्ध्या अंशाचा हिशेब करीत होता. काकूंनी, म्हणजे आमच्या कुटुंबाने, 'अहो, त्याला जेवायला तरी हाक मारा' असे दोनदा सांगितले. पण आम्हांस त्याचा समाधिभंग करवेना.

म्हातारबुवा या सर्व काळात क्वचितच बोलत. एके संध्याकाळी पुतण्याने जुना गियरबॉक्स उघडून त्यातील पितळी कडे त्यांच्या हाती दिले. गियर बदलताना दोन चक्रांचा वेग आधी घासून सारखा करावा व मग दात्यांत दाते जाऊ द्यावे, हे त्या कड्याचे काम. ही युक्ती १९२८ साली प्रथम कॅडिलॅक गाडीत आली; तिच्या आधी चाळीसेक वर्षे दात्यांवर दाते आदळूनच गियर पडत. सरकत्या चक्रांची मांडणी १८९१ च्या सुमारास प्रथम करणारा फ्रेंच कारागीर लव्हासोर स्वतःच म्हणत असे म्हणतात, की ही रीत रानटी आहे पण चालते. या गाडीत दुसऱ्या व तिसऱ्या गियरास ती कडी होती. हातात आले ते दुसऱ्याचे; त्याचे आतले काठ नख गुळगुळीत असावे तसे झाले होते.

'हे माझ्या वडिलांच्या वेळीच गेले,' ते म्हणाले. 'बदलण्याइतके पैसे कधी हाती राहिले नाहीत. मी शिकलो तो याच्याशिवायच. क्लच दाबायचा, गियर सोडवायचा, क्लच सोडायचा, इंजिनाला थोडी हाक द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग ती कबूल झाली की दांडा आपोआप आत जातो. तिला विचारल्याशिवाय गियर टाकता येत नाही.'

आमच्या पुतण्याच्या पिढीस हे काव्य वाटेल. आम्हांस तसे वाटले नाही. आम्ही तो आवाज ओळखतो. लहानपणी कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात एस्. टी.चा ड्रायव्हर हेच करी. वळणाआधी इंजिनाचा सूर एकदम उतरे, क्षणभर गाडी श्वास रोखल्यासारखी तरंगे, मग एक लहानशी गर्जना, आणि दांडा खटकन् बसून गाडी पुन्हा चढू लागे. पुढच्या बाकावर बसलेली आम्ही मुले ती तरंगती क्षणमात्र पोकळी ऐकण्यासाठी कान टवकारून असू. ती चुकली तर दात्यांचा असा खरखराट होई की म्हाताऱ्या बायका देवाचे नाव घेत आणि ड्रायव्हर मागे न पाहता कानाच्या पाळीपर्यंत लाल होई. त्याच्या विद्येस कोणत्याही शाळेचे प्रशस्तिपत्र नव्हते, पण ती विद्याच होती.

येथे दुमताचे मूळ आमच्या ध्यानी आले. पुतण्याच्या मते या गाडीची मूर्ती म्हणजे तिचे अंग आणि तिचे इंजिन. गियरबॉक्स व आस या भिंती. तो वरचेवर म्हणे, 'काका, बाहेरून कोणाला काहीच दिसणार नाही.' म्हातारबुवांच्या मते मूर्ती ही तिची चाल होती. रंग त्यांनी स्वतः दोनदा बदलला होता, हौद्याच्या फळ्या तीनदा. त्याचे त्यांस काही नव्हते.

पुतण्याचे 'बाहेरून दिसणार नाही' हे समर्थन आम्हांस त्याच्या सर्व युक्तिवादांत दुबळे वाटले, आणि आम्ही त्यास तसे सांगितले. न दिसणारा बदल लहान असतो असे नाही. पुष्कळदा तो म्हणूनच मोठा असतो. प्लूटार्कने सांगितलेली थीसियसच्या नौकेची कथा अशा वेळी कोणीतरी काढतोच. फळी कुजली की नवी बसविली, असे करता करता सगळी नौका बदलली. ती तीच का दुसरी? परंतु ती कथा येथे लागू पडत नाही. तेथे नवी फळी जुन्या फळीचेच काम करीत होती. येथे नवा भाग बसवावयाचा तो जुन्याचे काम करावे म्हणून नव्हे, जुन्यास जे येत नव्हते ते करावे म्हणून. हा पुनरुद्धार नाही, ही दुरुस्तीही नाही. मूळ ग्रंथात नवा अध्याय घालण्याचा हा प्रकार आहे, आणि त्यास तसेच नाव दिले पाहिजे.

तरी निकाल द्यावयाचा तर आम्ही तो पुतण्याच्याच बाजूने दिला असता, आणि त्याचे कारण ते आठ वर्षांचे पोर. ज्या गाडीस रस्त्यावर जावयाचे आहे तिने आजच्या रस्त्याशी जमवून घेतले पाहिजे; नाही तर चाळीस गाड्यांच्या त्या थंड दालनात जाऊन उभे राहिले पाहिजे. तिसरा मार्ग नाही. मात्र या मार्गावरही पायरी कोठे थांबवावयाची याचा विवेक लागतो. त्याच गावात दुसऱ्या एका गृहस्थाने अशाच गाडीत आठ सिलिंडरांचे नवे इंजिन, आपोआप बदलणारे गियर, थंड हवेचे यंत्र आणि कातडी गाद्या घातलेल्या आम्ही पाहिल्या. देवळाचे मंगल कार्यालय झाले होते.

आम्हांस या प्रसंगी पुण्याच्या भांडारकर संस्थेची वारंवार आठवण होई. महाभारताची चिकित्सित आवृत्ती तेथे १९१९ साली सुरू झाली व १९६६ साली पुरी झाली. डॉक्टर सुकथनकर आणि त्यांच्या मागून आलेले संपादक यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहून हजारो श्लोक मूळ संहितेतून बाहेर काढले; पण त्यांनी एकही श्लोक टाकून दिला नाही. जे बाहेर काढले ते तळटिपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे छापले. उद्या कोणास संपादकांचा निर्णय मान्य नसेल तर त्यास परिशिष्ट उघडून आपले महाभारत पुन्हा जुळविता यावे, ही सोय त्यांनी ठेवली. आम्ही हे त्या दोघांस सांगितले, बरेच लांबण लावून (व्यवसायाची खोड). पुतण्याने मान डोलावली. म्हातारबुवांनी मात्र विचारले, 'मग जुने भाग परिशिष्टात ठेवाल का?'

तो करार त्या संध्याकाळी झाला. पुतण्याने गाडीच्या सांगाड्यास एकही काप दिला नाही. नव्या पेटीस आधार देणारी आडवी पट्टी बोल्टांनी कसली. पाट्यांच्या बैठका जोडल्या त्या नव्या आसावर; जुन्यास आच लागली नाही. दांड्यासाठी भोक पाडावे लागले ते पायांखालच्या सुट्या पत्र्यात, आणि त्याची अखंड जोड दुसरीकडून आणून ठेविली. जुना गियरबॉक्स, बंद नळी, आस, खांबावरील दांडा, झिजलेले ते पितळी कडेसुद्धा, रॉकेलने धुऊन, वंगण चोपडून, मेणकापडात गुंडाळून म्हातारबुवांच्या कोठारात एका लाकडी घोड्यावर ठेवले. प्रत्येक पुडक्यास चिठ्ठी बांधली: कोणता बोल्ट कोठला, कोणती चकती कोणत्या बाजूची. अक्षर पुतण्याचे; मजकूर सांगितला म्हातारबुवांनी, आणि पुतण्या विसरलेल्या दोन चकत्यांची जागा त्यांस डोळे मिटून आठवली. याने त्यांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. परिशिष्टातील श्लोकांचे पारायण कोणी करीत नाही, हे त्यांसही कळत होते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात गाडी बाहेर निघाली. पुतण्याने किल्ली म्हातारबुवांपुढे धरली. त्यांनी आपल्या गुडघ्यावर थाप मारून ती परत केली आणि खिडकीच्या बाजूस बसले. मध्यभागी आम्ही, आणि आमच्या गुडघ्यांच्या मध्ये तो नवा दांडा. दुसरा व चौथा गियर पडताना आम्हांस विद्यार्थ्याने बाकावर सरकावे तसे सरकावे लागे. गावातील रस्ता संपला, चढण लागली, आणि आम्ही त्या मोठ्या रस्त्यावर आलो. काटा पंचेचाळीसवर होता, पन्नासवर गेला, मग साठावर जाऊन स्थिर झाला. पुतण्याने पाचवा गियर टाकला. इंजिनाचा आवाज बसला. इतका, की खिडकीच्या फटीतून येणारा वारा ऐकू येऊ लागला. मागून येणारी गाडी मागेच राहिली.

'या गाडीत या वेगाने कोणाशी बोलता येईल असे मला कधी वाटले नव्हते,' म्हातारबुवा म्हणाले. आणि मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. परतताना रस्ता सोडून गावाकडे वळावयाचे होते. उतार, पुढे तांबडा दिवा. पुतण्याने क्लच एकदाच दाबला, दांडा आमच्या गुडघ्यापासून मुकाट्याने पुढे गेला, काही झाले असे वाटलेही नाही. परंतु आमच्या उजव्या पायाशेजारी म्हातारबुवांचा डावा पाय, तो दुखरा, रिकाम्या पत्र्यावर दोनदा दाबला गेला. आणि त्या दोन दाबांच्या मध्ये, जितका वेळ थांबावयास हवा, नेमका तितकाच तो थांबला होता.